तीन दिवसांचा ताप

नवऱ्याला माहितीपट बघायचा नाद आहे. रिटायर झाल्यापासून रविवारी जेवण झालं की तो टीव्हीसमोर पाय पसरतो आणि कुठल्या तरी परदेशी गायकाची नाहीतर नटाची कुंडली उघडतो. माणूस जगभर गाजलेला, लोक त्याच्या पायाशी लोळणारे, आणि आता पन्नाशीला टेकलेली बायामाणसं खुर्चीत बसून सांगत असतात की लहानपणी यानं आमचं काय केलं. मी शेजारी बसून लसूण सोलत असते. प्रत्येक वेळी नवरा एकच विचारतो, "पण आईबाप काय करत होते म्हणे?"

"फोटो काढून घेत असतील," मी म्हणते. तो हसतो. लसणीवरची नजर न काढता हे वाक्य म्हणायला मी चांगली शिकले होते.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. पोरं खोटं बोलायला लागली की मला लगेच कळतं, असा माझा शाळेत दरारा आहे. तो खोटा नाही. ज्याला स्वतःला सराव असतो त्याला दुसऱ्याचं पटकन दिसतं, एवढंच.

गेल्या वर्षी असाच एक माहितीपट मराठीत आला. तीन भागांचा. यातला माणूस परदेशातला नव्हता. आपल्या सगळ्यांच्या घरातला होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव घेतलं की लोक त्याची गाणी गुणगुणायला लागतात. विनोदी नट, नकलाकार. म्हाताऱ्या आजीबाईच्या आवाजात बोलायचा, त्यावर उभा महाराष्ट्र फिदा. अजूनही आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एखादी सातवीतली पोरगी लुगडं गुंडाळून तो आवाज काढते, आणि परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसलेली मी टाळ्या वाजवते. तो वारला तेव्हा आमच्या गावात शोकसभा झाली होती. तिलाही मी गेले होते.

त्याच्यासमोर दोन आठवडे रोज दुपारी मी उभी राहिले होते, हे त्या शोकसभेत कुणालाही माहीत नव्हतं.

मी तेव्हा आठवीत होते, धाकटी सहावीत. एप्रिल महिना, वार्षिक परीक्षा नुकत्याच संपलेल्या. आप्पा, म्हणजे आमचे वडील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि पेठेतल्या तालमीचे सेक्रेटरी. तालमीच्या वर्धापनदिनाला त्यांनी या नटाला बोलावलं, स्वतःच्या हातानं फेटा बांधला. तो फोटो अजून त्यांच्या भिंतीवर आहे. पुढे त्याचं शूटिंग इथंच आसपासच्या उसाच्या रानात निघालं आणि तो गेस्ट हाऊसला राहिला. झालं, आप्पांच्या अंगात पाहुणचार संचारला.

"आमच्या गावात येऊन माणूस हॉटेलचं खातोय? इज्जत हाय का न्हाय पेठंला?"

आमच्याकडे पाहुण्याला जेवण पोचवलं म्हणजे काम झालं, असं नसतं. वाढायला घरचं माणूस लागतं. आणखी एक भाकरी घ्या, रस्सा घ्या, असा आग्रह झाल्याशिवाय ते जेवण जेवण नव्हेच. ड्रायव्हरच्या हाती डबा पाठवणं म्हणजे अपमान. आप्पा कचेरीत, आई परक्या पुरुषाच्या खोलीवर जाणार नाही. मग घरचं माणूस म्हणजे कोण? मी. आठवीतली पोरगी तेव्हा कुणाला बाई वाटत नव्हती. निदान आमच्या घरात कुणाला वाटत नव्हती.

चार पुडाचा स्टीलचा डबा. एकात मटण, एकात तांबडा, एकात पांढरा रस्सा, वरच्यात भात. भाकऱ्या फडक्यात. सायकलच्या हँडलला डबा अडकवून मी बारा वाजता निघायची. पेठेतल्या पोरी दारात उभ्या राहून बघायच्या. मी मान ताठ करून जायची, खोटं कशाला सांगू. मला फार मोठं वाटायचं.

पहिले दहा-बारा दिवस तो नुसता जेवायचा. आजीबाईच्या आवाजात गंमत करायचा, "अगं सूनबाई, मीठ कमी पडलं गं." मी हसून हसून बेजार. घरी येऊन धाकटीला तो आवाज करून दाखवायची, आणि ती चादरीत तोंड खुपसून हसायची.

मग एक दिवस त्याच आवाजात तो म्हणाला, "दार लाव गं पोरी, वारं येतंय."

एप्रिलमध्ये, भर दुपारी, कोल्हापुरात वारं.

मी दार लावलं. मोठ्या माणसानं सांगितलं की ऐकायचं, हे अंगात मुरलेलं. पुढचं मी सविस्तर लिहिणार नाही. त्यानं माझा हात धरला तो सोडला नाही, आणि आता तो आजीबाईच्या आवाजात बोलत नव्हता. बाहेरून रूमबॉयनं पाण्यासाठी दार ठोठावलं, म्हणून मी सुटले. डबा तिथंच टाकून सायकल दामटली. संध्याकाळी ड्रायव्हर डबा घेऊन आला, आणि आई मलाच ओरडली, "भांडी इसरून येतात व्हय गं?"

मी आईला सांगितलं नाही. का नाही, याची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि सगळी बरी वाटतात. मी लहान होते. शब्द नव्हते. आप्पांचा फेटा होता. पण या लिखाणात मला ती उत्तरं नकोत. मी सांगितलं नाही. मी कांदा शोधला.

काखेत कांदा धरला की ताप येतो, हे आमच्या शाळेत बालवाडीपासून सगळ्यांना माहीत होतं. तसं काही होत नाही, हे मी आता दरवर्षी पोरांना शिकवते, आणि शिकवताना फळ्याकडे तोंड करते. कांद्यानं ताप येत नाही. पण मी सकाळी दोन तास गच्चीवर टाकीशेजारी उन्हात बसले होते, त्यामुळे अंग भाजून निघालं होतं. आईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "पोरगी तापलीया." तिला कांद्याचा वास आला नसेल? तिच्या स्वतःच्याच हातांना बारा महिने कांद्याचा वास. तिला काय कळणार.

"धाकटीला धाड," आप्पा चपला घालता घालता म्हणाले.

मी पांघरुणातून बघत होते. धाकटीला आनंद झाला होता. दोन वेण्या आईकडून पुन्हा घालून घेतल्या तिनं. मला म्हणाली, "आक्का, आवाज काढायला लावू का त्यास्नी?" मी भिंतीकडे तोंड केलं. मनात म्हटलं, ही तर बारकी आहे, हिला काय करणार. असं मी खरंच मनात म्हटलं होतं.

ती दोन वाजता परत आली. डाव्या हातावर पांढरा रस्सा सांडला होता, मनगटापासून अंगठ्यापर्यंत कातडी सोललेली. रडत नव्हती. आईनं हात पाण्यात धरला, बरनॉल लावलं, पट्टी गुंडाळली. काय झालं विचारलं तर म्हणाली, डबा निसटला. संध्याकाळी आप्पा आले. त्यांनी पट्टी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "पावण्यांच्या अंगावर न्हाय न्हवं सांडलं?"

ती त्या रात्री माझ्याकडे पाठ करून झोपली. पुढे कित्येक वर्षं आम्ही त्या दिवसाबद्दल "रस्सा सांडला तेव्हा" एवढंच बोललो. तिचा स्वभावच बदलला, असं आई म्हणायची. आधी घर डोक्यावर घेणारी पोरगी घुमी झाली. भाजल्यामुळे घाबरली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आमच्या घरात एकदा ठरलं की ठरलं.

तर त्या रविवारी मराठी माहितीपटाचा दुसरा भाग. एक बाई अंधारात बसलेली. चेहरा दिसत नाही, आवाज यंत्रानं जाड केलेला. कॅमेरा तिच्या मांडीवरच्या हातांवर. डाव्या मनगटापासून अंगठ्यापर्यंत पांढरट, चकचकीत डाग.

माझ्या हातातली सुरी खाली पडली.

ती सांगत होती. डबा. चार पुडाचा. रस्सा कढत होता म्हणून हात भाजला, आणि हात भाजला म्हणून त्या दिवशी मी ओरडू शकले, ती म्हणाली, त्याआधी तोंडातून आवाज फुटत नव्हता. मग म्हणाली, "एरवी माझी मोठी बहीण जायची. तिला तीन दिवस ताप होता, म्हणून मी गेले."

नवरा म्हणाला, "आईबाप काय करत होते?"

मी उठून आत गेले आणि मोरीचं दार लावून घेतलं. त्याला सांगितलं, पित्त झालंय. त्याला डागाचं काही आठवलं नाही. पंचवीस वर्षं तो धाकटीच्या त्याच हातचं पाणी पीत आलाय.

पुढचा आठवडा गावात दुसरा विषय नव्हता. शाळेच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं, मेलेल्या माणसावर चिखल उडवायला लाज कशी वाटत नाही. खाली बारा हात जोडलेले. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, अंधारात बसून कुणीही काहीही बोलेल. मी वह्या तपासत होते. लाल पेनानं एका पोराच्या बरोबर उत्तरावर मी फुली मारून ठेवली होती, ते दुसऱ्या दिवशी त्यानंच आणून दाखवलं.

आप्पा आता पंच्याऐंशीला टेकलेत. आई गेल्यापासून पेठेत एकटेच असतात, मी रोज डबा नेते. त्यांनी माहितीपट बघितला नव्हता, नाक्यावरच्या बाकावर बसून ऐकला होता. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "कुणाची पोरगी हाय कुणास ठाऊक. पण आईबापांनी अक्कल गहाण ठेवलीती काय? परक्याच्या खोलीवर पोर धाडायची?"

त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, ते स्वतः त्याला फेटा बांधत होते. मी आणखी एक भाकरी वाढली. आग्रह केला.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. माहितीपट करणाऱ्यांपैकी एक मुलगी, पुण्याची असावी, बोलणं अगदी अदबशीर. नटाच्या घरच्यांनी नोटीस पाठवली आहे, म्हणाली. त्यांचं म्हणणं, युनिटचंच जेवण त्याला जायचं, कुठलाही डबा येत नव्हता, कुठलीही मुलगी आली नव्हती, ही बाई धडधडीत खोटं बोलते आहे. "ताई, तुमच्या बहिणीनं तुम्हाला फोन करायचा नाही म्हणून बजावलं होतं. मी तिला न विचारता, शाळेतून नंबर मिळवून फोन करते आहे, माझं चुकतंय हे मला कळतं. पण आमच्याकडे दुसरं कुणीच नाही. तुम्ही स्वतः कधी डबा घेऊन गेला होतात? तुम्हाला कधी तसा काही अनुभव आला?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"लहान होतो हो आम्ही," मी म्हणाले आणि फोन ठेवला. 

हिशोब सरळ होता. मी बोलले तर धाकटी खरी ठरते. गप्प राहिले तर अंधारात बसलेली एक खोटारडी बाई. पण मी बोलायचं म्हणजे आदल्या दिवशीचं बोलायचं. बंद दाराचं. आणि आदल्या दिवशीचं बोलले, की धाकटीला कळणार की मला माहीत होतं. तिच्या माझ्यावरच्या मायेचा सगळा भार त्या तापावर होता. फोन करू नका म्हणाली होती ती. मला या सगळ्यातून वाचवायला निघाली होती.

चार दिवस मी हे गिळून बसले. पाचव्या दिवशी शाळेतून अर्धी सुट्टी टाकली आणि रिक्षा करून कसबा बावड्याला गेले. धाकटी तिथं नव्या अपार्टमेंटमध्ये राहते, खाली गाळ्यात ब्लाऊज शिवायचं दुकान चालवते. कारखान्याचा मळीचा वास आला की तिचं घर जवळ आलं असं समजायचं. मी गेले तेव्हा ती मशिनवर होती. मला बघून तिनं मशीन थांबवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"बघितलास व्हय," ती म्हणाली.

"व्हय."

"कुणाला बोलू नकोस. आप्पांना तर न्हाईच. हार्टचं दुखणं हाय त्यांचं." तिनं स्टुलावरचे कपडे बाजूला केले. "बस की. च्या टाकू?"

मी बसले नाही. बसले असते तर चहा झाला असता, आणि चहा झाल्यावर मी कधीच बोलले नसते. मी म्हणाले, "मला ताप नव्हता."

तिनं माझ्याकडे बघितलं. आणि माझा अंदाज साफ चुकला, ती हसली.

"ठाऊक हाय की. एका अंथरुणात झोपत हुतो आपण. काखंत कांद्याचा वास मारत हुता तुझ्या. मला वाटलं, उन्हातानाचं जायचा कंटाळा आलाय बाईला." ती टेपचं गुंडाळं करत होती. "मी मनात बी आणलं न्हाई कधी. तुझा कंटाळा आणि त्याचं करणं, ह्यात तुझी काय चूक? कॅमेऱ्यापुढं ताप म्हणून सांगितलं. कांदा सांगितला असता तर लोकांनी तुला फाडून खाल्ली असती."

इथं थांबता आलं असतं. ती मला माफ करून मोकळी झाली होती, फक्त चुकीच्या गोष्टीसाठी. मला मोह झाला. तेही लिहून ठेवते.

"कंटाळा न्हवता," मी म्हणाले. "आदल्या दिवशी त्यानं मला दार लावायला सांगितलं हुतं."

टेप गुंडाळणारे हात थांबले. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मी सगळं सांगितलं. वारं, हात, रूमबॉय, टाकून आलेला डबा. सांगताना मी तिच्याकडे बघत होते. तोंड फिरवायला इथं फळा नव्हता.

अर्धवट गुंडाळलेली टेप तिनं मशिनवर ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी मी येणी घालून घेत हुतो, तवा तुला ठाऊक हुतं."

"व्हय."

"मी इचारलं तुला. आवाज काढायला लावू का म्हणून."

"व्हय."

तिनं मान हलवली, जणू कुणी गिऱ्हाईक माप सांगत होतं. "बरं. लहान हुतीस. भ्यालीस. पैल्या दिवसाचं मी समजतो, आक्का." मग तिनं डावा हात वर केला, डाग माझ्या बाजूला करून. "आणि दुसऱ्या दिवशी?"

मला वाटत होतं ती हे विचारणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःलाही पहिल्याच दिवसाचं विचारत आले होते. पहिल्या दिवसाला निदान काही उत्तर होतं.

"पट्टी बघितलीतीस न्हवं हाताला?"

"बघितलीती."

"एका हातानं डबा धरून गेलो मी. सायकल येत न्हवती म्हणून चालत. तू खिडकीत हुतीस." तिचा आवाज चढला नव्हता. आमच्या गावात माणूस ओरडला की बरं वाटतं. "तवा बी कांदा?"

"व्हय."

"तिसऱ्या दिवशी?"

मी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवसाचा कांदा मी आदल्या रात्रीच उशीखाली ठेवला होता. हेही तिला सांगायला हवं होतं. 

धाकटी उठली. मला वाटलं शटर उघडून मला जा म्हणेल. तिनं शटर पूर्ण खाली ओढलं, लाईट लावली, आणि कटिंगच्या टेबलावरची कापडं एका हातानं बाजूला सारली.

"त्या पोरीला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर. मला खरं ठरवायला तू लागतीस, म्हणून बोलतोय. न्हाईतर ह्या घडीला तुझं तोंड बघितलं नसतं मी."

मी फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर दाबला. धाकटीनं फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. पलीकडून ती अदबशीर मुलगी म्हणाली, "बोला ताई. रेकॉर्ड करू का?"

"करा," मी म्हणाले.

मी सांगायला लागले. डबा आमच्या घरून जात होता. वाढायला मीच जात होते. तेराव्या की चौदाव्या दिवशी त्यानं दार लावायला सांगितलं. मी पळून आले. दुसऱ्या दिवशी मी काखेत कांदा धरला, ताप आल्याचं सोंग केलं, आणि माझ्याऐवजी माझी बहीण गेली. ती हात भाजून परत आली.

 मी थांबले. मला वाटलं, त्या मुलीला हवं ते मिळालं. डबा सिद्ध झाला, मुलगी सिद्ध झाली, धाकटी खरी ठरली. एवढं पुरे.

धाकटी टेबलाच्या पलीकडे उभी होती. दोन्ही हात टेबलावर टेकलेले, डाग दिव्याखाली.

"पुढं," ती म्हणाली.